कोजागिरीचा ससा

गेल्या वर्षीची कोजागिरी. चिकलठाण्यातल्या आमच्या गच्चीवर दूध आटत होते, मुले भेंड्या खेळत होती आणि आई चंद्राकडे टक लावून बसली होती. जरा वेळाने ती म्हणाली, "चंद्र दिसतो रे, पण त्यातला ससा कुठे हरवला?" तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. "थांब, फोटोत मोठा करून दाखवतो," असे मी ऐटीत म्हटले खरे. पण निघाला तो काळ्या तव्यावरचा बत्तासा! आई म्हणाली, "अरे, हा तर विमानतळावरचा दिवा!"

वाचकहो, ही फजिती बहुतेकांची होते. चंद्र रात्री दिसतो म्हणून आपण त्याला अंधारातली वस्तू समजतो. वास्तविक त्याचा जो भाग आपल्याला उजळ दिसतो, तिथे लख्ख ऊन पडलेले असते. कॅमेरा आपणहून उजेड मोजतो तेव्हा भोवतालचे काळे आकाशच हिशेबात धरतो, शटर जास्त वेळ उघडे ठेवतो आणि ससा उजेडात बुडून जातो.

म्हणून हिशेब आपल्या हाती घ्यावा. जुन्या छायाचित्रकारांचा नियम सोपा आहे. पौर्णिमेला छिद्र एफ ११ ठेवावे आणि आयएसओ १०० असेल तर शटर १/१०० सेकंद. आयएसओ २०० असेल तर १/२००. मोबाइल असेल तर पडद्यावरच्या चंद्रावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढावी.

दुसरी गोष्ट आकाराची. चंद्र ताटाएवढा वाटला तरी आकाशात तो जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. ५० मि.मी.च्या भिंगाने त्याची प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरची पडते, ५०० मि.मी.च्या भिंगाने साडेचार मिलिमीटरची. लांब भिंगाला मात्र बोटाचा धक्काही सोसत नाही. कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर बसवावा, चंद्राच्या कडेवर हाताने फोकस करावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावून बाजूला व्हावे.

आमच्याकडे विमानतळाचे आणि कारखान्यांचे दिवे रात्रभर जळतात. त्यांनी तारे पुसले जातात, चंद्राचे काही बिघडत नाही. त्याला बाधते ती दिवसभर तापलेल्या स्लॅबची ऊब आणि क्षितिजाजवळची धूळ. तेव्हा घाई करू नये. चंद्र माथ्यावर येऊ द्यावा.

ससा हवा असेल तर पौर्णिमाच गाठावी. खड्डे आणि डोंगर हवे असतील तर अष्टमीचा अर्धा चंद्र बरा, कारण तेव्हा ऊन तिरपे पडते आणि सावल्या लांबतात. उजेड कमी असल्याने छिद्र एफ ५.६ पर्यंत उघडावे. २०२१ च्या मे महिन्यात पुण्याच्या सोळा वर्षांच्या प्रथमेश जाजूचे चंद्रचित्र देशभर गाजले, तेही अर्ध्या चंद्राचेच. घरच्या दुर्बिणीतून घेतलेली पन्नास हजार चित्रे त्याने एकात एक जुळवली होती!

लक्ष्मीपूजनाला तर अमावास्या. त्या रात्री कॅमेऱ्याला विश्रांती द्यावी आणि फराळ करावा. भाऊबीजेला पश्चिमेला कोर शोधावी, मग अष्टमी, मग त्रिपुरी पौर्णिमा.

गेल्या त्रिपुरी पौर्णिमेला मी मध्यरात्रीपर्यंत थांबलो. चित्र वहीच्या पानाएवढे छापून आणले. आईने ते डोळ्यांजवळ धरले, बोट फिरवले आणि म्हणाली, "हे बघ कान!" पुढे तिची शस्त्रक्रिया झाली. यंदाच्या कोजागिरीला दुधाचा पेला हातात धरून तिने वर पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि मला म्हणाली, "तुझा फोटो चांगला होता हो. पण हा ससा जास्त गुबगुबीत आहे."