खाशा पथकांचा पोशाख आणि वऱ्हाडचा वाटा

वऱ्हाडात राजाची गादी नव्हती, मग राजाच्या अंगरक्षकांच्या पोशाखावर वऱ्हाडातल्या माणसाने काय म्हणून लिहावे, हा प्रश्न मला वारंवार विचारला गेला आहे. विचारणारे बहुतेक पुण्याकडचे अभ्यासक. त्यांच्या लेखी दख्खनच्या पोशाखाचा इतिहास शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून आत जातो आणि गणेश दरवाजातून बाहेर पडतो. मला हे कधीच पटले नाही. पोशाखाचा इतिहास लिहायचा तर तो कोणी घातला एवढे सांगून भागत नाही. कापड कोणी विणले, डगला कोणी शिवला, पैसा कोणाच्या शेतसाऱ्यातून आला, हेही सांगावे लागते. आणि हे सांगायला बसले की अचलपूर, बाळापूर आणि अकोला यांना वगळून पुढे जाताच येत नाही.

गादी नव्हती हेही अर्धेच खरे. फत्तेउल्ला इमादउल्मुल्काची इमादशाही पंधराव्या शतकाच्या अखेरीस इथेच स्वतंत्र झाली आणि 1574 साली अहमदनगरकरांनी बुडवीपर्यंत अचलपुरात नांदली. त्याआधी बहमनी राज्याच्या चार तरफांपैकी वऱ्हाड ही एक होती. पहिल्या महंमदशाह बहमनीने, म्हणजे चौदाव्या शतकात, खाशा रक्षणासाठी दोनशे निवडक सिलाहदार आणि चार हजारांचे खासखेल उभारल्याचे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. राजाची शस्त्रे सांभाळणारे वेगळे आणि राजवाड्यावर पहारा देणारे वेगळे, ही वाटणी दख्खनमध्ये एवढी जुनी आहे. युरोपात इंग्लंडच्या राजाचे यॉमन पहारेकरी 1485 चे आणि पोपचे स्विस पहारेकरी 1506 चे. अंगरक्षकांची शिस्त आपण साहेबाकडून शिकलो, असे भाषणांत सांगणाऱ्यांनी हे तीन काळ शेजारीशेजारी मांडून पाहावेत.

आता शिवाजी महाराजांकडे येतो. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. तिच्यात महाराजांच्या पालखीबरोबर चालणाऱ्या निवडक मावळ्यांचे वर्णन येते. डोक्याला भरजरी मंदील, अंगात सकलादी वस्त्र, हातात कडी, कोणाची सोन्याची तर कोणाची रुप्याची. हा सारा सरंजाम सरकारातून दिलेला. एक ज्येष्ठ लेखक या वर्णनाला बखरकाराचा अलंकार म्हणून बाजूला सारतात. मी ते सारू देणार नाही. सभासद हा महाराजांच्या पदरी राहिलेला माणूस. मंदील एकसारखा, कापड एकसारखे, दर्जा फक्त कड्याच्या धातूवरून ओळखायचा, आणि खर्च राज्याचा. गणवेश म्हणजे आणखी वेगळे काय असते? सकलाद म्हणजे दर्यापारहून येणारी लोकरी बनात. तिला पैसा पडे. रायगडाच्या राजाने आपल्या मावळ्याच्या अंगावर ती घातली, यात राज्याचा एक विचार दिसतो. राजाच्या सर्वांत जवळ उभा असणारा माणूस शेतकऱ्याचा पोर आहे आणि तो सरदारासारखा दिसला पाहिजे, असा तो विचार आहे.

पेशव्यांची हुजुरात, शिंदे-गायकवाडांच्या पागा यांवर इतके लिहून झाले आहे की मी ते पुन्हा गिरवत नाही. नागपूरकर भोसल्यांबद्दल एवढेच सांगतो की सेनासाहेब सुभा कान्होजी भोसल्यांचे ठाणे आमच्या यवतमाळकडच्या भामला होते. नागपूरचे वैभव पुढचे. त्या वैभवाचा उतारही वऱ्हाडातच सुरू झाला. 29 नोव्हेंबर 1803 रोजी तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला इंग्रज सेनापती वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा मोड केला आणि 15 डिसेंबरला गाविलगड पडला. इतिहासात अडगावचे नाव इंग्रजी स्पेलिंगमुळे आरगाव झाले आणि अकोल्याची शाळकरी मुले आपल्याच जिल्ह्यातली लढाई परकी समजून पाठ करतात.

आता मी ज्या भागासाठी इतकी वर्षे भांडत आलो तिथे येतो. 1853 च्या मे महिन्यात गव्हर्नर जनरल डलहौसीने निजाम नासिरुद्दौलाकडून वऱ्हाड लिहून घेतले. कारण काय, तर हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेचा पगार थकला होता. तहात त्या फौजेचा आकार ठरवून दिला आहे: किमान 5,000 पायदळ, 2,000 घोडदळ आणि तोफखान्याच्या 4 तुकड्या. नाव निजामाचे, हुकूम इंग्रज अंमलदारांचा आणि पैसा मुख्यतः वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा. 1860 साली रायचूर दुआब आणि नळदुर्ग निजामाला परत मिळाले, वऱ्हाड मात्र अडकून राहिले. परतवाडा, अकोला, अमरावती इथे या फौजेच्या छावण्या होत्या. अमरावतीकर आजही कॅम्पात फिरायला जातात. तो कॅम्प कोणाचा, हे विचारणारा मला क्वचितच भेटला.

ही पथके काटेकोर अर्थाने अंगरक्षक नव्हती, हे मान्य. तरीही दरबारी पोशाखाच्या अभ्यासात त्यांना मी मानाची जागा देतो आणि त्याला कारण आहे. कंटिन्जंटच्या घोडदळाचा रंग गर्द हिरवा. त्यांचा लांब डगला, ज्याला अलखालक म्हणत, तो आपल्या अंगरख्याचाच भाऊबंद: कंबरेपर्यंत अंगाबरोबर, खाली घेर, वर कमरबंद, डोक्याला फेटा. त्याच सुमारास इंग्रजांच्या नियमित रिसाल्यांत हिंदी स्वारांना विलायती आखूड कोट आणि शाको टोप्या चढवलेल्या होत्या. गव्हर्नर जनरलच्या अंगरक्षकांचीही तीच तऱ्हा. 1857 नंतर सगळीकडे फेटे आले, डगले लांब झाले, कंबरेला शेले आले. म्हणजे साहेबाने अखेर उचलला तो आमच्या अनियमित स्वाराचा साज. आज दिल्लीत राष्ट्रपतींच्या अंगरक्षकांच्या अंगावर जो लांब लाल डगला आणि फेटा दिसतो, त्याचे कूळ विलायतेच्या शिंपीगल्लीत शोधणाऱ्यांशी माझे भांडण आहे ते इथे.

कंटिन्जंटचे हे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. घोडा स्वाराचा, साज स्वाराचा, पोशाखाचे पैसे पगारातून वळते व्हायचे. म्हणून त्या डगल्यावर स्वाराचा जीव असे. तो घरी यायचा, पेटीत राहायचा, मुलाच्या लग्नात बाहेर निघायचा. परतवाड्यात आमच्या घराशेजारी एक वृद्ध दर्जी राहत. त्यांच्या आजोबांनी छावणीत शिवणकाम केले होते. मी लहानपणी त्यांच्या ओट्यावर बसून असे. त्यांनी मला शिकवलेली गोष्ट मला पुढे एकाही ग्रंथात मिळाली नाही. ते म्हणत, “बनातीले कैची मारतानी लव कोनीकडं जाते ते पाह्य बाबू. एक पट्टी उलटी गेली का उन्हात डगला दोन रंगाचा दिसते.” नंतर संग्रहालयांत जुने डगले पाहताना मी पहिल्यांदा लव पाहू लागलो. छातीची पट्टी आणि बाही यांची लव एकाच दिशेला पडलेली दिसली की शिवणारा हात कसलेला होता हे कळते. कलाबतूचे काम कितीही असो, लव चुकली तर तो डगला माझ्या दृष्टीने दुसऱ्या प्रतीचा.

पायदळाचा डगला लाल, त्याची कॉलर आणि बाहीची पट्टी गर्द हिरवी. 1903 साली कंटिन्जंट मोडून हिंदी फौजेत मिसळली तेव्हा या पलटणींना 94 ते 99 असे क्रमांक मिळाले. त्यांतली 96 वी ती ‘बेरार इन्फन्ट्री’. 1922 मध्ये ती 19 व्या हैदराबाद रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. 1945 मध्ये त्या रेजिमेंटचेच नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. आज भारतीय सेनेत ‘दुसरी कुमाऊँ (बेरार)’ ही बटालियन आहे. कंसातले ते नाव आपले आहे. अचलपूरचा नवाब सलाबतखान याने 1788 साली उभारलेल्या पलटणीचा वारसा ही रेजिमेंट सांगते. मेजर सोमनाथ शर्मा, पहिले परमवीरचक्र मिळवणारे, याच रेजिमेंटचे. वऱ्हाडच्या किती शाळांत हे सांगितले जाते? घोडदळाचा धागाही तुटलेला नाही. कंटिन्जंटच्या घोडदळातून आलेली 20 वी डेक्कन हॉर्स 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर हायवुडजवळ भाले घेऊन चालून गेली. पुढे 29 व्या लान्सर्सशी मिळून ती नववी डेक्कन हॉर्स झाली आणि आज ती रणगाड्यांची रेजिमेंट आहे.

डोक्यावरच्या वस्त्राबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. बाळापूरची पागोटी एके काळी नावाजलेली होती. अकोटच्या सतरंज्या अजून लोकांना आठवतात, पागोटी विसरली गेली. पागोट्याचे कापड झिरझिरीत लागते, पण कमजोर चालत नाही. पीळ दिला की त्याचा दोर व्हावा आणि सोडला की पुन्हा सपाट पसरावे, इतके ते सुतात नेमके उतरावे लागते. जाड सुताचे पागोटे दुपारपर्यंत मानेला ओझे होते आणि घोडा दौडीला लागला की सैल पडते. म्हणून खाशा स्वाराचा दर्जा मी नेहमी पागोट्यापासून वाचतो, डगल्यापासून नाही. डगला दर्जी दुरुस्त करतो, पागोटे विणकराच्या मागावरच साधते किंवा बिघडते. पुढे वऱ्हाडची सरकी काढलेली रुई गाठींत बांधून मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला जाऊ लागली, आणि तिकडचे तयार कापड आमच्या बाजारात आले. बाळापूरचा माग त्यात बसला. अमरावतीच्या कापूस बाजाराच्या भरभराटीवर पुस्तके आहेत, बाळापूरच्या विणकरावर एकही नाही.

निजामाच्या स्वतःच्या पहाऱ्याबद्दल थोडक्यात. त्याचे आफ्रिकी सिद्दी घोडेस्वार प्रसिद्ध होते. हैदराबादेतला ‘ए. सी. गार्ड्स’ हा मोहल्ला त्यांच्याच नावाचा. दरबारात शेरवानीवर बगलूस हा पट्टा आणि डोक्याला पिवळी दस्तार, ही आसफजाही ओळख. 1902 च्या करारात वऱ्हाड वार्षिक 25 लाख रुपयांवर कायमचे इंग्रजांकडे गेले आणि 1936 मध्ये भरपाई म्हणून युवराज आझम जाह यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. किताब आमच्या नावाचा, दरबार हैदराबादचा. त्या थाटात वऱ्हाडचा एक धागाही शिरला नाही.

राष्ट्रपतींचे अंगरक्षक दल 1773 साली वॉरन हेस्टिंग्जने बनारसला उभारले. आरंभी पन्नास स्वार निवडले होते, पन्नास बनारसच्या राजा चेतसिंगाने दिले. उन्हाळ्यात पांढरा डगला, हिवाळ्यात लाल, निळ्यासोनेरी फेट्याखाली सहा फुटी जवान, हाती भाला. 25 जुलै 2007 रोजी प्रतिभाताई पाटील यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. 1991 ते 1996 अमरावतीने त्यांना लोकसभेत पाठवले होते. त्यांच्या स्वारीबरोबर ते घोडे चालताना दूरचित्रवाणीवर पाहिले आणि मला फार समाधान वाटले. मुंबईच्या गव्हर्नराचे अंगरक्षक दल मात्र 1947 साली मोडले गेले. त्याचा पोशाख आज फक्त छायाचित्रांत उरला आहे.

आणि आता आमच्या गावातल्या शिवजयंतीच्या मिरवणुका पाहाव्यात. मावळ्याच्या अंगात चकाकणारा पॉलिस्टर, छातीवर टिकल्या, डोक्यावर पुठ्ठ्याच्या साच्यात बसवलेली तयार पगडी. मुलांचा उत्साह खरा आहे आणि मला त्याचा आदर आहे. दोष मोठ्यांचा आहे. सभासदाने मंदील, सकलाद, कडी असे स्पष्ट लिहून ठेवले असताना मंडळे भाड्याच्या दुकानातले नाटकी कपडे आणतात. एका मंडळाला मी सुती पागोटी बांधायला शिकवण्याची तयारी दाखवली होती. वेळ नाही, असे उत्तर मिळाले. पागोटे बांधता येणारा माणूस अमरावतीत शोधावा लागतो, ही आमच्या पिढीची नामुष्की आहे.

शेवटी एक विनंती. अचलपूर, परतवाडा, बाळापूर, अकोट इथल्या जुन्या घरांत अजून पेट्या आहेत. त्यांत एखादा हिरवा किंवा लाल डगला, पितळी बिल्ला, कमरबंद, जुने पागोटे निघाले तर ते नाटक कंपनीला देऊ नका आणि भंगारात तर मुळीच घालू नका. धुऊ नका, इस्त्री करू नका. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, घरात ते कोणाकडून आले हे कागदावर लिहून सोबत ठेवा, आणि सांभाळणे जमणार नसेल तर नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला कळवा.