बाईंचा बसलेला आवाज

जून महिन्यात शाळा उघडल्या, की आमच्या दवाखान्यात घसा बसलेले शिक्षक येऊ लागतात. साठ मुलांचा वर्ग, बाहेर पाऊस, आणि खडूची धूळ. यंदा एक बाई आल्या. ताप नाही, खोकला नाही, पण आवाज पार फाटलेला. चार दिवस रजा घ्या, बोलू नका, कुजबुजूही नका, असे मी सांगितले. कुजबुजण्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

चार दिवसांनी बाई आल्या त्या तशाच. रक्तदाबही १५०/९६. सोबत आलेले यजमान म्हणाले, "डॉक्टरसाहेब, शाळा बंद होती, घर कुठे बंद होते?" बुधवारी गंगेवरच्या बाजारात दोन पालकांनी गाठले. दुपारी शेजारच्या वहिनी मुलाची वही घेऊन आल्या. रात्री साडेदहाला फोन, उद्या चित्रकलेची वही आणायची का?

आणि खरे सांगतो, दंडावरची पट्टी सोडता सोडता मीच विचारून बसलो, "बाई, आमच्या पुतण्याचे गणित कसे आहे?" बाई नुसत्या हसल्या. मी ओशाळलो.

एकदा मोजलेल्या रक्तदाबावर मी गोळी सुरू करत नाही. जेवणात मीठ कमी करायला सांगितले आणि चिठ्ठीवर लिहिले : संध्याकाळी सातनंतर फोन बंद. पालकांनी शनिवारी शाळा सुटल्यावर शाळेतच भेटावे.

यजमानांना ते पटले, सासऱ्यांना नाही. साने गुरुजी अमळनेरला छात्रालयात मुलांतच राहत, असे ते म्हणाले. खरे आहे. पण गुरुजींनी ते आपण होऊन पत्करले होते, आणि १९३० साली ती नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले. आमच्या बाईंना घरी दोन मुले आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत.

शेजाऱ्याच्या मुलाची शिकवणी नाकारताना शिक्षकाने संकोचू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाईच आहे. कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्याची जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये दखल घेतली. रोग म्हणून नव्हे, कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून. मूल घर सोडून गेले, कुणी त्याला छळत असेल, तर मध्यरात्रीही बाईंचे दार ठोठावावे. चित्रकलेच्या वहीसाठी नको.

आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावेच. तंबाखू खाणाऱ्याने तर मुळीच टाळू नये.

बाईंचा आवाज दहा दिवसांत मोकळा झाला. रक्तदाब पुन्हा दोनदा पाहिला, १३४/८६ वर आला आहे. महिन्याने परत बोलावले आहे. शेजारच्या वहिनी अजून रुसलेल्या आहेत, असे कळते.