मुलं वाचवू की सुरुंग घेऊ?

एका बाजूला अत्यंत आजारी मुलांचं हॉस्पिटल. दुसऱ्या बाजूला रणगाडे उडवणारे नवेकोरे सुरुंग. दोन ग्रह, हातात मोजके दिवस आणि निवडायचं दोघांपैकी एक. बोला, कुठे जाल?

‘हेलडायव्हर्स २’ या ऑनलाइन गेमने २०२४ मध्ये जगभरच्या खेळाडूंसमोर हा सवाल टाकला. डोकं वापरलं तर उत्तर सोपं होतं. सुरुंग जिंकले की ते सगळ्यांच्या शस्त्रागारात येणार. मुलं वाचवली तर? नवी बंदूक नाही, नवा बॉम्ब नाही, काही नाही. आणि पब्लिक गेलं कुठे? हॉस्पिटलकडे! हजारोंनी उतरून लोकांनी ‘व्हर्नन वेल्स’ हा ग्रह सोडवला आणि सुरुंगांवर पाणी सोडलं. गेम बनवणाऱ्या स्टॉकहोमच्या ‘ॲरोहेड’ने मग ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या खऱ्याखुऱ्या संस्थेला देणगी दिली. सुरुंग पुढे कधीतरी मिळालेच म्हणा.

ज्यांनी हा गेम खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ८ फेब्रुवारी २०२४ ला तो आला. आपण ‘सुपर अर्थ’चे सैनिक, चौघांची टीम, समोर राक्षसी किडे नाहीतर यंत्रमानव. इथवर यात नवं काहीच नाही. फंडा वेगळा आहे तो नकाशात. नकाशा सगळ्या जगाला मिळून एकच! पुण्यातल्या माझ्या फ्लॅटवरून मी मारलेली मोहीम आणि ब्राझीलमधल्या कुणा पोराने मारलेली मोहीम एकाच टक्केवारीत जमा होते. ग्रह शंभर टक्के सुटला की आपला. लोक पांगले की टक्केवारी घसरते, कारण शत्रू दर तासाला थोडं थोडं परत मिळवत असतो. वरून हुकूम येतो, अमुक ग्रह इतक्या दिवसांत घ्या. घेतला तर गोष्ट एका दिशेला जाते, हरलात तर दुसऱ्या.

आणि ही गोष्ट पुढे ढकलणारा प्रोग्राम नाही, माणूस आहे. कंपनीचे तेव्हाचे सीईओ योहान पिलेस्टेड यांनी २०२४ मध्ये मुलाखतीत सांगितलं, आमच्याकडे योएल नावाचा गेम मास्टर आहे, लढाईवर लक्ष ठेवणं हेच त्याचं काम. झालं! त्या दिवसापासून काहीही वाईट घडलं की सगळे योएलच्या नावाने शंख करायला लागले. मला मात्र हे ऐकून दशावतार आठवला. तिथेही कथा ठरलेली असते, पण संवाद लिहिलेले नसतात. समोरचं पब्लिक बघून नट रंग भरत जातो.

आपल्या ऑफिसातला फीडबॅक कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. वर्षातून एकदा फॉर्म येतो, एक ते पाचमध्ये गोल करा, सूचना असल्यास लिहा. सूचना कुठे जातात ते देव जाणे. इथे फॉर्म नाही. तुम्ही संध्याकाळचे दोन तास कुठल्या ग्रहावर घालवलेत, हाच तुमचा अभिप्राय. पायांनी दिलेलं मत. म्हणूनच तो खोटा देता येत नाही. तोंडाने ‘यंत्रमानवांची गोष्ट काय भारी आहे’ म्हणणारे किती जण रात्री गुपचूप किडे मारत बसतात, ते नकाशावर उघड दिसतं!

मॅलेव्हेलॉन क्रीकचंच बघा. जंगल, अंधार आणि झाडांमागून लाल डोळ्यांचे यंत्रमानव. पहिल्या काही आठवड्यांत एक कडवा गट तिथून हलेचना. हुकूम दुसरीकडचा असला तरी हे आपले क्रीकवर मरतायत. ग्रह शेवटी हातचा गेलाच. पण कंपनीने हे वेड पाहिलं आणि गोष्टीत घेतलं. एप्रिल २०२४ मध्ये खेळाडूंनी ग्रह परत मिळवला, तेव्हा ३ एप्रिल हा गेममध्ये स्मृतिदिन ठरला आणि सगळ्यांना स्मरणार्थ एक केप मिळाली. खेळाडूंनी स्वतःहून रचलेली दंतकथा लेखकांनी अधिकृत केली. मला विचाराल तर या गेममधली सर्वांत चांगली गोष्ट हीच, आणि ती कुणी आधी लिहिलेली नव्हती.

पण सगळंच गोडगोड नाही. त्याच एप्रिलमध्ये खेळाडूंनी यंत्रमानवांना नकाशावरून पार पुसून टाकलं. जल्लोष झाला. आणि काही दिवसांतच ते त्याहून मोठा ताफा घेऊन हजर! तेव्हा बरेच जण भडकले. सगळं आधीच ठरलेलं असेल तर आम्ही कशाला घाम गाळायचा? आमच्या ग्रुपवर यावर दोन रात्री भांडण चाललं. माझं मत असं की शत्रू परत येणार हे गृहीतच आहे, नाहीतर दुकान बंद. चुकलं ते टायमिंग. जिंकलेल्यांना विजय महिनाभर तरी मिरवू द्यायचा होता.

खेळाडू गोष्टीला अडून बसले तर काय होतं, याचा जुना किस्सा आहे. १९९९ मध्ये आलेल्या ‘ॲशरन्स कॉल’ या गेममध्ये लेखकांनी ठरवलं होतं की खेळाडू जादूचे स्फटिक फोडतील आणि बेलझारॉन नावाचा महाराक्षस सुटेल. थिसलडाउन या सर्व्हरवरच्या खेळाडूंनी मात्र ठरवलं, आपण फोडायचं नाही. शेवटच्या स्फटिकाभोवती त्यांनी पाळ्या लावून पहारा दिला! शेवटी कंपनीच्या लोकांना स्वतः गेममध्ये उतरून पहारेकऱ्यांना मारावं लागलं. राक्षस सुटला, गोष्ट ठरल्याप्रमाणे पुढे गेली. पण नंतर त्या रक्षकांचं स्मारक कंपनीनेच तिथे उभारलं. जबरदस्ती करायचीच तर अशी करावी.

‘हेलडायव्हर्स’मध्ये जबरदस्ती आली ती गोष्टीबाहेरून. मे २०२४ मध्ये सोनीने जाहीर केलं की कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांनीही प्लेस्टेशनचं खातं जोडलंच पाहिजे. अनेक देशांत ते खातं मिळतच नाही, मग तिथे पैसे भरून गेम घेतलेल्यांनी काय करायचं? दोन लाखांहून जास्त निगेटिव्ह रिव्ह्यू दोन-तीन दिवसांत पडले. ग्रह सोडवायची सवय झालेलं पब्लिक ते! ६ मे रोजी सोनीने निर्णय मागे घेतला. कुणी हुकूम सोडला नव्हता, योएलही नव्हता. पण एकत्र कुठे जायचं आणि तिथे टिकून कसं राहायचं, याची तीन महिने रोज रात्री प्रॅक्टिस झालीच होती.

मग मे २०२५. इल्युमिनेट नावाचे परग्रहवासी थेट सुपर अर्थवर आले. आता लढायचं होतं शहरांसाठी, आणि त्यातलं ‘इक्वालिटी-ऑन-सी’ नकाशावर बरोबर शांघायच्या जागी. चिनी खेळाडूंनी ते सोडलंच नाही. बाकीची बरीचशी शहरं एकेक करून पडत गेली, हे मात्र उभं. आमच्या टीममधला एक मित्र पंधरा महिन्यांत किडे सोडून कुठे गेला नव्हता. हुकूम, बक्षीस, शिव्या, कशालाच दाद देत नसे. त्या आठवड्यात रात्री अकराला त्याचा मेसेज आला, “शांघायला कसं उतरायचं रे?”