न्हाणीतला दांडा

मे महिना अर्ध्यावर आला की कोकणातल्या आमच्या मिठबावात आगोटीची घाई सुरू होते. लाकडं मांगरात रचायची, सुके बांगडे डब्यात भरायचे, घर शाकारायचं. ज्या घरात सत्तरीच्या पुढचं माणूस आहे, तिथे याच कामांत आणखी एक काम धरलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. त्या माणसाच्या रोजच्या वाटेवर हाताला आधार आणि पायाला पकड. माझ्या काकीच्या घरी हे काम मी गवंड्याशेजारी उभं राहून पाहिलं.

न्हाणीत बसवायचा दांडा बघताच काकी म्हणाली, "माका कित्याक होयो ह्यो?"

"तुमका नको तर नको, पावण्यांका लागतलो," गवंडी म्हणाला. "जरा न्हाणीत जावन दाखवा बघया."

काकी नेहमीसारखी चालत गेली. उंबरठ्यावरून पाय टाकताना तिचा डावा हात भिंतीला टेकला. तिथे चुन्यावर तळव्याएवढा काळपट, तेलकट डाग होता. गवंड्याने त्याच डागावर पेन्सिलीची खूण केली. असाच दुसरा डाग संडासाच्या भिंतीला होता, तिथे दुसरी खूण. मोजपट्टी नंतर निघाली. आधार कुठे हवा हे त्या भिंतीला इतकी वर्षं ठाऊक होतं.

खरी मेहनत पुढे. आमची घरं जांभ्या चिऱ्याची. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ. ड्रिल लावलं की तांबडी भुकटी गळते आणि भोक सैल होतं. काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा फास्टनर इथे आवळला तरी नुसता फिरतो. असा दांडा दिसायला ठीक दिसतो आणि नेमका भार पडला की हातात येतो. म्हणून गवंड्याने छिन्नीने खोल खड्डे खोदले, भुकटी काढून ते पाण्याने भिजवले, दांड्याचे चिरलेले पाय आत घालून सिमेंटने भरले. दांडा चांगल्या स्टीलचा घेतला होता, कारण खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड लवकर गंजतं. आठवड्याने तो स्वतः अंगाचा भार टाकून त्याला लोंबकळला आणि मगच काकीला हात लावू दिला.

बाहेरच्या पायऱ्याही चिऱ्याच्याच. पावसाळ्यात चिरा पाणी धरतो आणि त्यावर शेवाळ चढतं. त्यावर ब्लीचिंग पावडर टाकून थोड्या वेळाने खराट्याने खरवडायचं, भरपूर पाण्याने धुवायचं आणि दर काही दिवसांनी पुन्हा तेच करायचं. संडासाचं अ‍ॅसिड मात्र त्यात कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

गुळगुळीत टाइल्सचा मला राग आहे. सारवलेली जमीन खरखरीत होती, पाय धरून ठेवायची. मुंबईच्या पैशाने घरात चकचकीत लादी आली आणि पडवीतून ओल्या पायाने आत येणं धोक्याचं झालं. न्हाणीत तरी खरबरीत लादीच घालावी, आणि दाराशी सरकणारं गोणपाट ठेवू नये. उंबरठा कुणी तोडणार नाही, तोडूही नये, पण त्याच्या कडेला पिवळ्या रंगाची पट्टी ओढली की अधू नजरेलाही तो दिसतो.

सगळी पडझड घरामुळेच होते असं नाही. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी रात्री उठताना चक्कर येऊ शकते. आधी खाटेच्या काठावर बसायचं, मग उभं राहायचं. उशाशी बॅटरी हवीच, कारण पावसात वीज जाते. मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबणीवर टाकू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडून दगावतात आणि त्यांत सर्वांत जास्त साठीपुढची असतात. मिठबावात खुबा मोडला तर कणकवली, ओरोस, नाहीतर थेट गोव्याची बांबोळी गाठावी लागते. ऑपरेशन झालं तरी अंथरुणात पडून राहण्याने न्यूमोनिया, पाठीला जखमा असं एकामागून एक सुरू होऊ शकतं. त्यापुढे दांड्याचा खर्च काहीच नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या व्यक्तीला काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे.

गावी येणाऱ्या चाकरमान्यांना एकच विनंती. गवंडी सुट्टीच्या पहिल्याच दिवशी बोलवा, कारण सिमेंटला आठवडाभर पाणी मारावं लागतं. आणि परतीची गाडी पकडण्याआधी त्या दांड्याला स्वतः लोंबकळून बघा.