फेफरे कशाने येते?

बाजारात चालता चालता एखादा माणूस धाडकन पडतो. अंग ताठ होते. हातपाय झटके देतात. तोंडाला फेस येतो. लगेच गर्दी जमते. कोणी म्हणतो, चप्पल हुंगवा. कोणी कांदा फोडतो. कोणी म्हणतो, बाहेरची बाधा आहे. यालाच आपण फेफरे म्हणतो. कोणी मिरगी म्हणतात, कोणी फिट म्हणतात.

आम्ही नवे मास्तर होतो, तेव्हा वर्गात एक मुलगा असाच पडला. आम्हीही चप्पल हुंगवली. दातखीळ बसली म्हणून तोंडात चमचा घातला. त्याचा दात तुटला. फेफऱ्याने नव्हे, आमच्या चमच्याने. पुढे बापाने त्याला शाळेतून काढले. आम्ही अडवले नाही. ते अजून मनाला लागून आहे.

आता खरे कारण पाहा. आपला मेंदू साऱ्या अंगाला हुकूम देतो. हे हुकूम अगदी बारीक विजेने जातात. होय, विजेने! एरवी हे काम शिस्तीत चालते. पण कधी मेंदूतल्या पुष्कळ पेशी एकदम हुकूम सोडतात. सगळा वर्ग एकाच वेळी ओरडावा, तसे होते. तेच फेफरे. यात भूत नाही, देवीचा कोपही नाही.

ही वीज जर्मनीतल्या बर्गर नावाच्या डॉक्टरांनी पकडली. १९२४ साली त्यांनी माणसाच्या डोक्याला तारा जोडून ती कागदावर रेघांनी उतरवली. पुष्कळ विद्वानांना आधी ते खरेच वाटेना. आज मोठ्या दवाखान्यांत अशी पट्टी काढतात. दुखत नाही, झटका बसत नाही.

मेंदू असा का बिघडतो? डोक्याला मार लागतो, मेंदूज्वर होतो, बाळंतपणात मूल गुदमरते. पुष्कळदा कारण सापडतही नाही. एक कारण मात्र आपल्या शेतातले आहे. डुकराच्या मांसातून माणसाच्या पोटात एक चपटा जंत जातो. असा माणूस उघड्यावर बसला, की जंताची अंडी भाजीवर येतात. ती पोटात गेली, की अळी मेंदूपर्यंत पोचते. म्हणून माळकऱ्यालाही हे होऊ शकते. भाजी आणि हात नीट धुवावेत.

औषधाची गोष्ट गमतीची आहे. १९१२ साली जर्मनीत हाउप्टमान या डॉक्टरांनी रुग्णांना झोपेचे औषध दिले. झोप तर लागलीच, पण झटकेही कमी झाले! १९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पटनम यांनी गुंगी न आणणारे औषध शोधले. आधी ते मांजरांवर तपासले. दोन्ही औषधे आजही चालतात. नीट उपचार घेतले, तर दहांतल्या सुमारे सात जणांचे झटके थांबू शकतात.

पण झटके थांबले, की लोक गोळी सोडतात. मग कोणी विहिरीत पडतो, कोणी चुलीत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.

लग्नाचेही सांगतो. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी फेफऱ्याची आडकाठी होती. १९९९ साली ती काढून टाकली.

आणि समोर कोणी पडला तर? आसपासचे दगड, विळा बाजूला करा. गळ्याजवळची गुंडी सोडा. त्याला कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा नको, पाणीही नको. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, तर १०८ ला फोन करा.