मोटार अपघातातील सायकलस्वाराची नुकसानभरपाई

मोटार वाहनाच्या धडकेने जखमी झालेल्या सायकलस्वाराला, किंवा तो मृत्यू पावल्यास त्याच्या कायदेशीर वारसांना, जी आर्थिक भरपाई मिळते तिचा भारतातील मुख्य आधार मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा आहे. अशा दाव्यांचा निवाडा मोटार अपघात दावा न्यायाधिकरण करते. जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा जिल्हा न्यायाधीश किंवा अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश या न्यायाधिकरणाचे काम पाहतात. या अधिनियमाच्या बाराव्या प्रकरणात २०१९ च्या दुरुस्तीने महत्त्वाचे बदल झाले व ते १ एप्रिल २०२२ पासून अमलात आले.

सायकल हे कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन नाही. तिला नोंदणी क्रमांक नसतो, चालवणाऱ्यास परवाना लागत नाही आणि विमाही सक्तीचा नाही. त्यामुळे सायकलस्वार हा मोटारीच्या विम्याच्या परिभाषेत ‘तृतीय पक्ष’ ठरतो. कलम १४६ नुसार प्रत्येक मोटार वाहनाचा तृतीय पक्ष विमा असणे बंधनकारक आहे. भरपाईचा बोजा बहुतेक वेळा विमा कंपनी उचलते तो यामुळेच. मात्र याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की, मोटारमालकाजवळ कागदपत्रांची चळत असते आणि दूध घालणारा, वर्तमानपत्रे टाकणारा, बांधकामावर जाणारा किंवा शाळेत निघालेला सायकलस्वार मागे एकही कागद सोडत नाही. त्याच्या बाजूचा पुरावा अपघातानंतर उभा करावा लागतो.

अपघातानंतरची नोंद

अपघातग्रस्ताला वैद्यकीय मदत मिळवून देणे व पोलिसांना कळवणे ही कलम १३४ नुसार वाहनचालकाची जबाबदारी आहे. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्या वाटसरूला कलम १३४अ खाली संरक्षण असून त्याच्यावर नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने लोक अजूनही जखमीपासून दूर राहतात, ते बव्हंशी या तरतुदीच्या अज्ञानामुळे. तातडीचे उपचार नाकारता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेनुसार नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख रक्कम न भरता उपचार मिळू शकतात.

रुग्णालयात दाखल होताना ‘सायकलवरून पडले’ एवढेच सांगितले जाते आणि तेच केसपेपरवर उतरते. पुढे विमा कंपनीचा वकील नेमके त्या ओळीवर बोट ठेवतो. म्हणून मोटारीने धडक दिल्याचा स्पष्ट उल्लेख आणि वैद्यकीय-न्यायिक प्रकरण (एमएलसी) अशी नोंद पहिल्याच दिवशी होणे महत्त्वाचे असते. प्रथम खबर अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाचा क्रमांक, साक्षीदारांचे जबाब आणि परिसरातील सीसीटीव्हीचे चित्रण हे पुराव्याचे पुढचे दुवे होत. मोडलेली सायकल पंचनामा होईपर्यंत दुरुस्तीला देऊ नये. धडक मागून बसली की बाजूने, हे तिच्या वाकलेल्या चाकावरून समजू शकते.

पोलिसांनी अपघाताचा प्राथमिक अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. हा अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरण्याची तरतूद कायद्यात आहे. मात्र केवळ तिच्यावर विसंबून स्वतंत्र अर्ज न करणे धोक्याचे ठरते.

सहा महिन्यांची मुदत

दुरुस्त कलम १६६(३) नुसार अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. मूळ अधिनियमातही अशी मुदत होती. ती १९९४ मध्ये रद्द झाली आणि २०१९ च्या दुरुस्तीने परत आली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे.

या मुदतीची खरी अडचण वैद्यकीय आहे. मोटारीचा बंपर सायकलस्वाराच्या पायावर आदळतो, त्यामुळे नडगीचे हाड मोडणे ही नेहमीची इजा होय. हाताच्या आधाराने पडल्यास मनगट किंवा गळ्याजवळचे हाड मोडते. नडगीचे हाड जुळून येण्यास अनेकदा चार ते सहा महिने लागतात. त्यानंतर गुडघ्याची व घोट्याची हालचाल पूर्ववत होण्यासाठी फिजिओथेरपी करावी लागते. हाड न जुळल्यास पुन्हा शस्त्रक्रिया होते. डोक्याला मार लागला असल्यास विस्मरण, चिडचिड, एकाग्रता न होणे ही लक्षणे जखम भरून आल्यानंतरही टिकतात आणि घरच्यांच्या लक्षात उशिरा येतात. कायमचे अपंगत्व किती राहिले, हे उपचार संपून प्रकृती स्थिरावल्यावरच ठरवता येते. मुदत मात्र अपघाताच्या दिवसापासून मोजली जाते.

यातून निघणारा मार्ग साधा आहे. दावा मुदतीत दाखल करावा आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र व पुढील उपचारांची बिले नंतर सादर करावीत. अर्जात मागितलेल्या रकमेपेक्षा अधिक भरपाईही न्यायाधिकरण देऊ शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये नागप्पा प्रकरणात दिला आहे. त्यामुळे सुरुवातीला आकडा कमी लिहिला गेला म्हणून दावा बुडत नाही.

अपघाताचे ठिकाण, अर्जदाराचे निवासस्थान अथवा व्यवसायाचे ठिकाण, किंवा प्रतिवादीचे निवासस्थान यांपैकी कोणत्याही हद्दीतील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. पुण्यात अपघात झालेला नांदेडचा मजूर नांदेडलाच दावा लावू शकतो. वकिलाचा खर्च न परवडणाऱ्या पात्र व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत साहाय्य मिळते.

भरपाईची मोजणी

कायद्याने ‘न्याय्य भरपाई’ एवढाच निकष सांगितला आहे. तिचे गणित न्यायनिर्णयांतून घडले. उपचार, औषधे, प्रवास, पौष्टिक आहार व शुश्रूषा यांचा खर्च, बुडालेली मजुरी, भविष्यातील उत्पन्नाची हानी, वेदना व यातना आणि जीवनातील सुखाला मुकणे या बाबी त्यात येतात.

यांतील सर्वांत मोठी रक्कम सहसा भविष्यातील उत्पन्नहानीची असते आणि सर्वाधिक गल्लतही तिथेच होते. प्रमाणपत्रावरील शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी आणि कमावण्याच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निर्णयात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने यासाठी डाव्या हाताचे उदाहरण घेतले. तो हात गमावलेल्या सुताराची किंवा वाहनचालकाची कमाई जवळजवळ पूर्ण थांबेल; सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकेल. म्हणून जखमी व्यक्ती रोज नेमके काय काम करीत होती, हे पुराव्यानिशी मांडणे डॉक्टरांच्या टक्केवारीइतकेच निर्णायक असते.

समजा, सायकलवरून कामावर जाणाऱ्या ३० वर्षांच्या गवंड्याचे मासिक उत्पन्न १५,००० रुपये आहे आणि पायाच्या इजेमुळे त्याची कमावण्याची क्षमता ३० टक्क्यांनी घटली आहे. त्याचे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये होते. प्रणय सेठी निर्णयानुसार (२०१७) चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी व्यक्तीसाठी भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवल्यास ते २,५२,००० रुपये होते. त्याचे ३० टक्के म्हणजे ७५,६०० रुपये. सरला वर्मा निर्णयाच्या (२००९) तक्त्यात २६ ते ३० वयोगटासाठी १७ हा गुणक आहे. त्याने गुणल्यावर उत्पन्नहानी १२,८५,२०० रुपये ठरते. हीच घट १५ टक्के धरली गेली तर रक्कम निम्म्यावर येते. शिडीवर व परातीवर चालणाऱ्या व्यवसायात गुडघा न वाकणे म्हणजे काय, हे साक्षीत आले नाही तर असे सहज घडते.

उत्पन्नाचा लेखी पुरावा नसल्यास न्यायाधिकरण किमान वेतनासारख्या आधारावर ते ठरवते. गृहिणीच्या घरकामालाही आर्थिक मूल्य आहे, हे कीर्ती प्रकरणात (२०२१) पुन्हा अधोरेखित झाले. काजल प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने गंभीर अपंगत्व आलेल्या बालिकेचे उत्पन्न कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतके धरले. शाळकरी सायकलस्वारांच्या दाव्यांत हा निर्णय उपयोगी पडतो. जखमीने स्वतः काढलेल्या वैद्यकीय विम्यातून मिळालेली रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये ठरवले.

निष्काळजीपणाचा प्रश्न

कलम १६६ खालील दाव्यात वाहनचालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो; परंतु फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय पुरावा आवश्यक नसतो. घटना तशी घडल्याची शक्यता अधिक आहे, एवढे पुरते. चालक फौजदारी न्यायालयात निर्दोष सुटला म्हणून दावा आपोआप फेटाळला जात नाही.

सायकलस्वार विरुद्ध दिशेने आला, एकाएकी वळला किंवा रात्री बिनदिव्याचा होता, असे आक्षेप विमा कंपन्या घेतात. ते सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर असतो. सिद्ध झाल्यास दोषाच्या प्रमाणात रक्कम कमी होते. वरील उदाहरणात २० टक्के दोष गवंड्याचा ठरला तर १०,२८,१६० रुपये उरतात. मोटार वाहन अधिनियमातील हेल्मेटसक्ती सायकलस्वाराला लागू नाही. तेव्हा हेल्मेट नसणे हा त्या कायद्याचा भंग ठरत नाही.

निष्काळजीपणा सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. विहित तडजोडीतून ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा दावा संपुष्टात येतो. रुग्णालयाचे बिल समोर असलेल्या कुटुंबाला अडीच लाखांचा धनादेश मोठा वाटतो. त्यावर सही करण्यापूर्वी वरचे गणित मांडून पाहणे श्रेयस्कर.

वाहन पसार झाल्यास

धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध लागला नाही तर कलम १६१ खालील योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. एप्रिल २०२२ पूर्वी या रकमा अनुक्रमे २५,००० व १२,५०० रुपये होत्या. यासाठीचा अर्ज न्यायाधिकरणाकडे न करता अपघात झालेल्या भागातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसीलदार वा उपविभागीय अधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे करायचा असतो व जिल्हाधिकारी मंजुरी देतात. पुढे वाहन सापडून नियमित भरपाई मिळाल्यास ही रक्कम परत करावी लागते.

वाहन सापडले पण त्याचा विमा नसेल तर मालक व चालक व्यक्तिशः जबाबदार राहतात, आणि त्यांच्याकडून वसुली ही बरेचदा दाव्याइतकीच लांबते. विमा आहे पण चालकाकडे वैध परवाना नाही, अशा स्थितीत न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी जखमीस रक्कम देण्याचा व नंतर ती मालकाकडून वसूल करण्याचा आदेश देऊ शकते.

निवाडा व अपील

निवाड्यानंतर ३० दिवसांत रक्कम जमा करावी लागते. तीवर व्याजही देता येते. अल्पवयीनांचा हिस्सा सामान्यतः बँकेत मुदत ठेवीत ठेवला जातो. उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करता येते. मात्र वादातील रक्कम एक लाख रुपयांपेक्षा कमी असल्यास अपील चालत नाही. लोकअदालतीत झालेली तडजोड अंतिम असते व तिच्यावर अपील नाही. त्यामुळे अपंगत्व निश्चित होण्यापूर्वीच लोकअदालतीत दावा मिटवल्यास पुढील शस्त्रक्रियेचा खर्च मागता येत नाही.