चढत्या-उतरत्या अंकांची संख्या

ही संख्या नीट पाहा :

१२३४५६७८९८७६५४३२१

एकपासून नऊपर्यंत चढणारी व पुन्हा एकपर्यंत उतरणारी ही सतरा अंकी संख्या उलट वाचली तरी तीच राहते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामे घेतली, तर तिचा पहिला १ ‘मध्य’ स्थानी येतो. ‘परार्ध’ तेथून एकच पायरी वर.

अशा संख्यांना ‘डेमलो संख्या’ म्हणतात. हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे जगाला परिचित झालेले हे गणिती नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. जुन्या जी. आय. पी. रेल्वेच्या डेमलो स्थानकावर त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून हे नाव.

आता थोडे गणित करू.

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

याप्रमाणे नऊ वेळा १ लिहून वर्ग केला की आपली संख्या मिळते. असे का होते? गुणाकार नेहमीप्रमाणे मांडा. प्रत्येक ओळीत नऊ १ येतात आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. उभी बेरीज घेताना उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच १ असतो, दुसऱ्यात दोन, आणि मधल्या स्तंभात नऊ. पुढे ते एकेक कमी होत जातात. कोठेही हातचा येत नाही, म्हणून प्रत्येक बेरीज जशीच्या तशी उतरते.

तिच्या अंकांची बेरीज ८१ येते, म्हणजे ९ चा वर्ग. तसेच १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि ३, ३७ व ३३३६६७ या मूळ संख्या आहेत. वर्गात हा प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो. त्यामुळे आपल्या संख्येला ५ × ३ × ३ = ४५ विभाजक आहेत. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते.

नऊ वेळा जमले, मग दहाव्या वेळीही जमेल? पाहा :

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

डौल बिघडला! मधल्या स्तंभात दहा १ आले. शून्य खाली राहिले, हातचा १ डावीकडच्या ९ मध्ये मिळाला. तेथेही दहा झाले, पुन्हा हातचा. आणि ८ चे ९ झाले. नऊ उदाहरणे जुळली म्हणजे नियम सिद्ध झाला, असे नव्हे. नियम का चालतो हे ज्याला कळले, त्यालाच तो कोठे थांबेल हेही कळते.

आता तुमची पाळी. या नव्या संख्येच्या अंकांची बेरीज १०० न येता ८२ येते. हातचे दोन आणि तूट १८. यात काही संबंध आहे का? अकरा वेळा १ घेऊनही वर्ग करा, पण कागदावरच. पुष्कळशी गणकयंत्रे इतके अंक दाखवत नाहीत. गोंदिया जंक्शनवर गाडीची वाट पाहताना हे सहज जमेल!